गुत्ता बंद होईल, पण पुढच्या चार दिवसांची तयारी आहे का?

देगलूर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या ताईंनी विचारलं आहे: "आमच्या गावात परवान्याचं देशी दारूचं दुकान आहे, वरून शिंदीही (झाडाची ताडी) येते. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करण्याच्या मतदानासाठी, सह्या गोळा करतोय. गावातले शिकलेले लोक म्हणतात, दारूबंदी कुठंच टिकत नाही, तसं संशोधनच आहे. खरं का? दुसरं म्हणजे, माझा धाकटा भाऊ सकाळी उठल्या उठल्या घेतो. दुकानच बंद झालं तर त्याची आपोआप सुटेल ना? एका केंद्रवाल्यानं सांगितलंय, सहा महिने ठेवा, भेटायला येऊ नका. पाठवावं का?"

ताई, मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्यावर वाद घालायला वेळ आहे. दुसऱ्यात जिवाचा धोका आहे आणि तो कुणी तुमच्या कानावर घातलेला दिसत नाही.

आपोआप सुटणार नाही. चूळ भरायच्या आधी ज्याला उतारा लागतो, त्याची दारू एका दिवसात तुटली तर तो आजारी पडतो, आणि त्या आजारात माणूस दगावूही शकतो. नांदेड भागात व्यसनाच्या रुग्णांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. दारू पिऊन लिव्हर गेलेले आम्ही पाहतोच. पण दारू अचानक तुटल्यामुळे झटके येऊन, बरळत, घामानं निथळत आणलेलेही तितक्याच नेमानं पाहतो. कारणं साधी असतात. पाय मोडला म्हणून ऑपरेशनला दाखल झाला, कुणी शपथ घालून माळ घातली, कुठल्याशा भांडणात पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं, नाहीतर भावांनी मिळून खोलीत कोंडलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागून दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा देशभरच्या दवाखान्यांत असेच रुग्ण आले.

शरीरात काय घडतं ते थोडं समजून घ्या. दारू मेंदूला सुस्तावते. रोज, वर्षानुवर्षं ती पोटात जात राहिली की मेंदू तिच्या विरुद्ध बाजूनं जोर लावायला शिकतो, म्हणून असा माणूस एवढी पिऊनही उभा राहतो. रस्सीखेचीत एका बाजूनं दोर सोडून दिला की दुसरी बाजू स्वतःच्याच जोरानं कोसळते, तसं दारू अचानक थांबल्यावर मेंदूचं होतं. सहा-आठ तासांत हात थरथरतात, छाती धडधडते, मळमळतं, झोप उडते. शेवटच्या घोटापासून ६ ते ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम सुरू होतो. अंथरुणावर किडे, भिंतीवर साप दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, आपण कुठं आहोत ते कळत नाही, ताप चढतो. गावात याला बाहेरचं म्हणतात आणि इथंच मौल्यवान वेळ जातो, कारण देवऋषाकडं नेलं जातं, अंगारा लावला जातो आणि रात्र निघून जाते. वेळेवर उपचार मिळाले तर या भ्रमाच्या अवस्थेतला मृत्यूचा धोका पाच टक्क्यांच्या आत येतो. उपचाराविना तो कितीतरी पटीनं जास्त असतो.

पिणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही. पगाराच्या दिवशी किंवा बाजाराच्या दिवशी पिणाऱ्याची दारू तुटली तर तो चिडचिड करेल, एवढंच. धोका कुणाला, हे ओळखायला गावातल्या आशा कार्यकर्त्या ताईंना दोन प्रश्न पुरतात. सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होतात का? आणि आधी कधी दारू थांबल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का? दुसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर त्या माणसानं घरी दारू सोडायचा प्रयोग करूच नये. एकदा फिट आली की पुढच्या प्रत्येक वेळी ती येण्याची शक्यता वाढत जाते. डॉक्टर लोक यापुढं जाऊन जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' नावाची प्रश्नावली वापरतात. तिचे एकूण गुण ४०. त्यात ८ च्या वर काळजीचं आणि २० च्या वर पूर्ण अवलंबित्वाची शक्यता, असं ढोबळमानानं धरतात.

तुमच्या गावात रोज सकाळी घेणारे फार नसतील. पण जेवढे असतील, तेवढ्यांची नावं दुकान बंद व्हायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं गेलेली असली पाहिजेत. माझं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं. आडव्या बाटलीची तारीख आणि दवाखान्याची तयारी या दोन गोष्टी एकाच बैठकीत ठरवा. तयारी म्हणजे फार काही नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामच्या गोळ्या, ज्या डॉक्टरच्या देखरेखीखाली चार-सहा दिवसांत कमी कमी करत थांबवतात. ज्यांचं लिव्हर खराब आहे त्यांच्यासाठी लोराझेपाम. थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, ची पुरेशी इंजेक्शनं. आणि गंभीर रुग्ण देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडला हलवायची सोय, १०८ च्या गाडीसकट.

थायमिनवर थोडा रेंगाळतो, कारण आपल्याकडं ही चूक रोज होते. रोज पिणारा माणूस जेवत नाही. त्याच्या शरीरात बी-१ जवळपास संपलेलं असतं. तो गळून गेला की घरचे त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं नेतात आणि "जरा सलाईन लावा" म्हणतात. बहुतेकदा लागते ती ग्लुकोजची बाटली. ग्लुकोज वापरताना मेंदूला बी-१ लागतं. तिथं ते मुळातच नसतं. मग उरलंसुरलंही संपून डोळे तिरळे होणं, तोल जाणं, गोंधळ उडणं आणि पुढं स्मरणशक्ती कायमची जाणं, इथपर्यंत प्रकरण जातं. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. हे वाक्य तुमच्या गटातल्या प्रत्येक बाईला पाठ असू द्या, आणि सलाईन लावणाऱ्याला ते मोठ्यानं ऐकवा. त्याला राग आला तरी चालेल.

आता शिंदीचं. तुम्ही ते एका वाक्यात उरकलं आहे, पण देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पट्ट्यात मला देशीपेक्षा शिंदीची जास्त धास्ती वाटते. झाडावरून काढलेली ताजी शिंदी सौम्य असते आणि काही तासांत आंबते. झाडं कमी झाली, हंगाम ठरलेला, मागणी मात्र बारा महिने. मग पाण्यात साखर, सॅकरिन आणि पावडर कालवून "शिंदी" तयार होते. ही पावडर म्हणजे क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेची औषधं. सीमेपलीकडं तेलंगणात हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सरकारनं भेसळीच्या ताडीवर धाडी घातल्या. हेतू चांगला होता. पण पावडर एकाएकी बंद झाली आणि निजामाबाद, महबूबनगरच्या दवाखान्यांत झटके येणारे, भ्रम झालेले, मान वाकडी झालेले लोक शेकड्यानं आले. काही दगावलेही. त्यांच्यात बायाही होत्या, म्हातारी माणसंही होती, कारण शिंदीला आपल्याकडंही कुणी दारू समजत नाही. २०२५ च्या जुलैत हैदराबादच्या कुकटपल्लीत उलटं झालं. भेसळीची ताडी पिऊनच माणसं मेली.

म्हणून शिंदीवाल्याला हाकलण्याआधी रोज शिंदी पिणारे कोण, हे शोधा. यात बायांनाही विचारा. झोपेच्या औषधाची सवय दारूसारखी पाच दिवसांत उतरवता येत नाही. मात्रा आठवड्यामागून आठवडे थोडी थोडी कमी करत न्यावी लागते. शहरात पोरं ज्याला 'बटन' म्हणतात त्या नायट्राझेपामच्या गोळ्यांचंही तेच. घरातल्या पोराच्या खिशात गोळ्यांची पत्ती सापडली म्हणून ती नाल्यात फेकून त्याला कोंडू नका. पत्ती घेऊन दवाखान्यात या. नाव आणि ताकद कळली की आमचं अर्धं काम होतं.

(शिंदीचं आणि मराठवाड्याचं नातं जुनं आहे. निजामाच्या तिजोरीत अबकारीचा वाटा मोठा होता, म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडण्याचा सत्याग्रह केला होता. सरकार नशेच्या पैशावर चालतं, हे आपल्या आजोबांना आपल्याइतकंच ठाऊक होतं.)

आता तुमचा पहिला प्रश्न. बंदी टिकत नाही हे सिद्ध झालं आहे का?

"सिद्ध" हा शब्द तुमच्या शिकलेल्या मंडळींनी घाईनं वापरला. बिहारचं उदाहरण घ्या. तिथं २०१६ च्या एप्रिलपासून संपूर्ण बंदी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी दारू पिणारे बिहारमध्ये १५.५ टक्के आणि महाराष्ट्रात १३.९ टक्के निघाले. झालं, बंदीवाल्या राज्यात जास्त पितात म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण बिहारची तुलना महाराष्ट्राशी करून काय कळणार? बिहार आधी कुठं होता आणि आजूबाजूची राज्यं कुठं गेली, हे पाहायला हवं. तसा हिशेब मांडणारा अभ्यास २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या दक्षिण-पूर्व आशिया आवृत्तीत आला. त्याच सर्वेक्षणाच्या आधीच्या फेऱ्या आणि शेजारची राज्यं धरून त्यांनी काढलेला अंदाज असा: बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिण्याची सुमारे २४ लाख प्रकरणं टळली, आणि नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसाचाराची सुमारे २१ लाख.

यातला पहिला आकडा मी जरा हात राखून वाचतो. जिथं पिणं गुन्हा आहे तिथं सर्वेक्षण करणाऱ्या बाईला कोण खरं सांगेल? पण दुसरा आकडा बायांनी स्वतःवर झालेल्या हिंसाचाराबद्दल दिलेल्या उत्तरांतून आला आहे. नवरा पितो की नाही हे लपवण्याचं कारण कळतं. जाच कमी झाल्याचं खोटं सांगण्याचं कारण मला तरी सापडत नाही. त्यामुळे "बंदीनं काहीच होत नाही" हे म्हणणं मला पटत नाही.

मग बिहारमध्ये सगळं छान झालं का? तेही नाही. कोर्ट आणि तुरुंग गरीब पिणाऱ्यांनी भरले, इतके की २०२२ मध्ये सरकारला कायदा बदलून पहिल्यांदा सापडलेल्याला दंडावर सोडायची सोय करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूनं मोठ्या संख्येनं माणसं मेली. अर्थात विषारी दारूला बंदीच लागते असं नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली, तिथं कुठली बंदी होती? मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल स्वस्त असतं आणि हातभट्टीवाला लोभी असतो, एवढं पुरतं. बिहारनं एक गोष्ट मात्र वेळेवर केली. बंदीबरोबरच जिल्हा रुग्णालयांत व्यसनमुक्ती केंद्रं उघडली, डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं. पहिल्या काही आठवड्यांत तिथं दारू तुटलेल्या रुग्णांची रीघ लागली. केंद्रं नसती तर ती माणसं कुठं गेली असती, याचा विचार करा.

आपल्या राज्यात वर्धा आणि गडचिरोली हे जुने बंदीचे जिल्हे. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. उठवताना सरकारनं अवैध विक्री आणि त्यात ओढल्या गेलेल्या बाया-पोरांकडं बोट दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं आणि सरकारच्या साथीनं २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू आहे. तिथं कागदावरच्या बंदीच्या जोडीला गावोगाव संघटना, पोलिसांवर दबाव आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार, असं तिन्ही एकत्र चालतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. नुसत्या बंदीचं काय होतं ते पाहायला लांब जायला नको. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तुमच्या गावातल्या पानटपरीवर मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही एकत्र करायला गिऱ्हाईक मोकळं. आणि बंदीचा माल हवा असेल तर तोही मिळतो, दोन रुपये जास्त देऊन.

जाता जाता, रागावू नका, पण दारूबंदीच्या बैठकीत अर्ध्या बायांच्या दाताला मिसरी असते. राज्यात १५ वर्षांवरच्या १०.९ टक्के स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, हे त्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. तोंडाच्या कॅन्सरला नवरा-बायको असा फरक कळत नाही. त्यावर पुन्हा कधीतरी.

बंदीपेक्षा कर वाढवावा, असं सांगणारे अर्थशास्त्रवालेही भेटतील. त्यांच्याकडं भक्कम पुरावा आहे. जगभरच्या ११२ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००९ मध्ये झाला. त्यातून असं दिसलं की दारू दहा टक्के महागली की एकूण पिणं साधारण पाच टक्क्यांनी घटतं. कॉलेजातल्या पोराला रोखायला याहून चांगला उपाय नाही. पण त्याच अभ्यासात पक्क्या पिणाऱ्यांची घट तीन टक्क्यांच्याही आतच आहे. म्हणजे दहा टक्के महागाईतली बरीचशी तो घरातून काढतो. २०२५ च्या जूनमध्ये राज्यानं उत्पादन शुल्क वाढवलं, देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये झाली, आणि सरकारला वर्षाला १४,००० कोटींची जादा भर अपेक्षित होती. कर वाढवण्याच्या मी बाजूनं आहे. पण तुमच्या भावासारख्या माणसाच्या घरी तो कर किराण्यातून, पोराच्या वहीतून भरला जातो. तेव्हा त्या पैशातला ठरलेला हिस्सा तालुक्याच्या दवाखान्यात व्यसनाच्या उपचाराला आला पाहिजे, ही मागणी करण्याचा हक्क सगळ्यात आधी तुम्हाला आहे.

मतदानाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, जी मराठवाड्यात नेहमी विसरली जाते. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण २५ टक्के मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि हे निम्मे मोजले जातात यादीतल्या एकूण नावांवर, त्या दिवशी आलेल्यांवर नाही. म्हणजे जी बाई आली नाही, तिचं मत उभ्या बाटलीलाच गेलं म्हणून समजा. आता सांगा, दिवाळीनंतर तुमच्या आणि मुखेड-कंधारच्या वाड्या-तांड्यांत कोण उरतं? कोयता घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरलेली असतात, काही हैदराबादकडं वीटभट्टीवर. ज्या बायांना या दारूचा सगळ्यात जास्त जाच, त्याच फडावर. अर्ज असा लावा की मतदान गुढीपाडव्यानंतर, माणसं परतल्यावर आणि पेरणीच्या आधी पडेल. तहसील आणि उत्पादन शुल्काच्या लोकांना हे लेखी द्या. याद्या आधी तपासून मयत आणि सासरी गेलेल्या पोरींची नावं काढून घ्या, कारण तीही तुमच्या विरोधात मोजली जातात.

फडावर काय चालतं तेही ध्यानात असू द्या. उचल घेताना मुकादम पाजतो, फडावर थंडीत आणि मोळ्या वाहून मोडलेल्या पाठीला तीच औषध होते, आणि हिशेबात ती उचलीत मांडली जाते. परत आलेला माणूस वैशाखात तुमच्या गावात येतो तेव्हा सहा महिन्यांची रोजची सवय घेऊन येतो. दुकान तेव्हाच बंद झालं असेल तर रोज पिणाऱ्यांच्या सुरुवातीच्या यादीत त्याचं नाव नसणार. म्हणून आशाताईंची दुसरी फेरी माणसं उतरल्यावर झाली पाहिजे.

दुकान बंद झाल्यावर हातभट्टी आणि शेजारच्या गावातून दुचाकीवर येणाऱ्या पिशव्या सुरू होतील. त्यासाठी कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. दलात पोलीस पाटलाच्या मर्जीतली माणसं भरली जाणार नाहीत, एवढं पाहा. यापेक्षा जास्त मी सांगणं बरं नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

पिणारे सगळेच मात्र तुमच्या भावासारखे नसतात. देशपातळीवरचं सर्वात मोठं सर्वेक्षण सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलं, २०१९ मध्ये ते जाहीर झालं. त्यात देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि त्यातले ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोक नुकसान होईल इतकं पिणारे किंवा पूर्ण अवलंबून असलेले निघाले. पूर्ण अवलंबून यातले निम्म्याच्या आसपास, २ कोटी ९० लाख. त्यांच्यातल्या ३८ जणांमागं एकालाच कधी काही उपचार मिळाला, आणि दाखल होऊन उपचार १८० जणांमागं एकाला. पण उरलेले निम्मे, जे अजून अवलंबून नाहीत पण घर आणि लिव्हर दोन्ही पोखरतायत, त्यांना पलंगही लागत नाही. गोव्यात 'संगथ' संस्थेनं यावरच काम केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दुसऱ्याच कशासाठी तरी आलेल्या, ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या पुरुषांशी प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचं. समुपदेशक मानसशास्त्र शिकलेले नव्हते, गावातलेच होते. तीन महिन्यांनी धोकादायक पिणं थांबलेले समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २६ टक्के. वर्षानंतर हेच प्रमाण ५४ आणि ३२ टक्के होतं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटातलेही एवढे सुधारले, कारण त्यांच्या डॉक्टरांना चाचणीचा निकाल कळवलेला होता आणि कुणीतरी त्यांना पहिल्यांदाच नीट विचारलं होतं. माझा तरी असाच समज आहे. तुमच्या गटातल्या दोन समंजस मुलींना असं बोलायला शिकवणं, हे भिंतीवर घोषणा रंगवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडं तशी मागणी करा.

राहिला तो सहा महिन्यांचा केंद्रवाला. त्याच्याकडं पाठवू नका, निदान या बोलीवर तरी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि नशेच्या पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात, त्यामुळे अशा केंद्राला नोंदणी लागते. नोंदणीचा कागद मागा. माणूस शुद्धीवर असेल, स्वतःचं बरंवाईट कळत असेल, तर त्याच्या संमतीनंच दाखल करायचं असतं. संमतीविना, घरच्यांच्या अर्जावर, डॉक्टरांनी तपासून दाखल केलं तरी पहिली मुदत तीस दिवसांच्या पुढं जात नाही. साखळीनं बांधणं या कायद्यानं साफ बंद केलं आहे, आणि घरच्यांना भेटणं, फोनवर बोलणं हा रुग्णाचा हक्क आहे. "भेटायला येऊ नका" म्हणणाऱ्या माणसाला काय लपवायचं आहे, हा प्रश्न मी नेहमी विचारतो. केंद्रात रोज डॉक्टर येतो का, दाखल केल्यानंतरचे पहिले पाच दिवस कोण पाहतं आणि बाहेर पडल्यावर वर्षभर कोण पाठपुरावा करतं, एवढं विचारलं की चांगलं केंद्र आणि कोंडवाडा यातला फरक दहा मिनिटांत कळतो. चांगली केंद्रं आपल्या राज्यात आहेत. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून काम करतंय.

औषधांचंही सांगतो. चहातून न कळत द्यायची गोळी तुम्हाला कुणीतरी सुचवलीच असेल. ती बहुधा डायसल्फिराम असते. ती घेतलेल्या माणसानं वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब खाली जातो, छातीत दुखतं. हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. हे औषध चांगलं आहे, पण फक्त त्या माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, तपासण्या करून द्यायचं. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत, लिव्हर बिघडलेल्यांना बॅक्लोफेनचा विचार करतात. कुठल्याही औषधानं सगळ्यांची दारू सुटत नाही, आणि सुटलेल्यांतले बरेच वर्षाच्या आत पुन्हा एकदा घसरतात. ते घडलं तर पुन्हा या. मधुमेह पुन्हा वाढला म्हणून आपण कुणाला हाकलून देत नाही.

तुमच्या भावाला घेऊन या, बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत आणि दोन माणसं बरोबर घेऊन. तो यायला तयार नसेल तर आधी १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला फोन करा. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं. आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. दवाखान्यात न्यायचं म्हणून आदल्या दिवशी त्याची दारू तोडू नका. सकाळी तो थोडी घेऊन आला तर आम्ही त्याला परत पाठवणार नाही. शेवटची कधी घेतली, रोज किती, देशी की शिंदी, आधी फिट आली होती का, कावीळ झाली होती का, हे चिठ्ठीवर लिहून आणा. जुनी रिपोर्टं आणा. आदल्या रात्री त्याला दोन घास भात खाऊ घाला.